विसावी भिंत

सकाळी जाग आली की आपण कुठल्या घरात आहोत ते मला आधी ठरवावं लागतं. हात दिव्याच्या बटणाकडे जातो तो सातव्या घरातल्या बटणाकडे, पलंगाच्या उजवीकडे, खांद्याच्या उंचीवर. तिथे आता नुसती भिंत आहे. पाय खाली सोडते तर वाटतं, पुढे दोन पायऱ्या आहेत, कारण बाराव्या घरात झोपायच्या खोलीतून दोन पायऱ्या उतरल्या की स्वयंपाकघर लागायचं. पायऱ्या नसतातच. जमीन लवकर येते, गुडघ्यातून कळ निघते, आणि मग कळतं की हे विसावं घर आहे, आपण पासष्ट वर्षांच्या आहोत आणि शेजारी घोरतोय तो आपलाच माणूस.

घरं माझ्या डोक्यात एकमेकांत शिरली आहेत. स्वप्नात तर विचारूच नका. चौथ्या घराचं दार उघडावं तर आत नवव्या घराचा व्हरांडा, व्हरांड्याच्या टोकाला पहिल्या घराची मोरी, आणि मोरीच्या खिडकीतून समुद्र. मला त्या घरांतून हिंडायला आवडतं. तिथे गुडघे दुखत नाहीत आणि डोळेही धड असतात.

आमचे हे फौजेत होते. पूल बांधायचे. लोकांना नदी दिसली की पाणी दिसतं, यांना आधी तिची रुंदी दिसायची. बदली दर दोन वर्षांनी, कधी आठच महिन्यांत. बदलीचा कागद आला की ट्रंका निघायच्या, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली जायची, आणि शेवटच्या दिवशी क्वार्टर परत द्यायचं. नियम एकच: घर जसं घेतलं तसं द्यायचं. तपासनीस काखेत फाइल घेऊन यायचा. नळ सोडून बघायचा, काचांवर टिचक्या मारायचा, खिळ्यांची भोकं हुडकायचा, आणि भिंती पांढऱ्या आहेत ना ते बघायचा. पांढऱ्या म्हणजे पांढऱ्याफटक. आणि माझी तर प्रत्येक घरात एक भिंत रंगवलेली असायची.

याची सुरुवात पहिल्याच घरात झाली. लग्नाला महिना झाला होता, हे पहाटे जायचे ते दिवेलागणीला परत. खिडकीतून गोदामाची पाठ दिसायची, दुसरं काही नाही. मला माहेरच्या खिडकीची फार आठवण यायची. तिथून एक बोळ दिसायचा, बोळाच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान, आणि दुकानाच्या पत्र्यावर कायम झोपलेलं एक मांजर. एका दुपारी मी कपड्यांची नीळ, विटेची भुकटी आणि चुलीची काजळी सरसात कालवली आणि तो बोळ भिंतीवर काढला. मांजरासकट. हे आले, बूटही न काढता भिंतीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलतील.

"दुकानाचा खांब कललाय," ते म्हणाले. "या मापानं छप्पर पडेल."

मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी खांब सरळ केला, कारण तो खरंच कलला होता.

कोपऱ्यात मी सही म्हणून एक गोगलगाय काढली. नाव लिहिलं असतं तर कुणी पकडलं असतं. "हे काय?" यांनी विचारलं. "ही मी," मी म्हटलं. "घर पाठीवर घेऊन निघालेली." त्यांनी वाकून बघितलं. "आणि मी कुठे?" "तुम्ही आत, पाठीवरच्या घरात. तुमचं ओझं काय कमी आहे?" ते हसले. फार हसणारा माणूस नाही हा, म्हणून ते हसणं लक्षात राहिलं.

भिंत मी मुद्दाम दाराजवळची निवडायचे. समोरच्या खोलीत दार उघडलं की ज्या भिंतीला टेकतं ती. अचानक कुणी मोठे साहेब आले की दार सताड उघडायचं, अर्धं चित्र झाकलं जायचं, आणि उरलेल्या अर्ध्यापुढे मी स्वतः पदर पसरून उभी राहायचे. गोगलगाय नेहमी अगदी खाली, बिजागरीजवळच्या कोपऱ्यात. अशी तीस वर्षं मी साहेबलोकांना उभ्या-उभ्या चहा दिला. मला म्हणे वस्तीत सगळे फार शालीन समजायचे.

मग भिंगरी झाली. आमची मुलगी. जन्मल्यापासून एका जागी ठरली नाही म्हणून ते नाव. ती तीन वर्षांची असताना आम्ही समुद्रकाठचं घर सोडून वाळूच्या मुलुखात गेलो. सकाळी उठली आणि खिडकीशी जाऊन म्हणाली, "आई, पाणी कुणी नेलं?" आणि जी रडायला लागली ती ऐकेचना. तेव्हापासून आमच्या घरी नियमच झाला की नव्या घरात भिंतीवर आधीच्या घराची खिडकी काढायची. वाळूच्या गावात समुद्र. पुढे डोंगरावर गेलो तेव्हा डोंगरावरच्या घरात वाळू, तिच्यावरून चाललेले उंट आणि पाण्याचा टँकर. डोंगर उतरून कारखान्यांच्या शहरात आलो तेव्हा तिथे डोंगर, त्यावर धुकं. धुकं मी चुन्याच्याच पाण्यानं काढायचे. ट्रंका उघडायच्या आधी रंगांचा डबा उघडायचा, हे भिंगरीनं ठरवून टाकलं होतं. चित्र पुरं झालं की ती तिच्याजवळ उशी ओढून झोपायची, आणि मगच ते घर आमचं व्हायचं.

आणि बदलीचा कागद आला की ती भिंत जायची.

चुना हे स्वतः लावायचे. आदल्या दिवशी कळीचा चुना बादलीत भिजत घालायचे, फडक्यातून गाळायचे, चिमूटभर नीळ घालायचे. सकाळी मला म्हणायचे, "तू भिंगरीला घेऊन बाहेर जा. मी आवरतो." मी जायचे. परत येईपर्यंत भिंत पांढरी झालेली असायची, सामान गाडीत चढलेलं असायचं, दार सताड उघडं आणि हे दाराला पाठ लावून ताठ उभे. निळा आणि हिरवा दोन हातांत मरतो. लाल हट्टी, त्याला तीन हात लागतात. यांनी तिसरा हात कधी चुकवला नाही.

खरं सांगायचं तर याचा मला आयुष्यभर राग होता. नियम मला कळत होता, मी फौजेतली बायको होते, कागदापुढे कुणाचं चालत नाही हे मला पढवावं लागलं नव्हतं. पण माझं काम पुसताना या माणसाचा हात एकदाही अडखळू नये? एकदाही म्हणू नये, "अगं, वाईट वाटतं"? भांडण झालं की मी म्हणायचे, "लग्न झाल्यापासून मला चुनाच लावताय." ते ऐकून घ्यायचे आणि बूट पुसायला बसायचे. ते बूट पुसणंच मला जास्त झोंबायचं.

अकराव्या घरात असताना लढाई लागली. यांचं एक पत्र आलं, "नदीवर पूल टाकतोय, काळजी नसावी," आणि मग काहीच नाही. भिंतीवर मी तेव्हा एक नदी काढलेली होती. मी तिच्यावर पूल सुरू केला. रोज एक फळी. भिंगरी अकरा वर्षांची, शाळेतून आली की आधी फळी मोजायची, मग दप्तर ठेवायची. चाळिसाव्या फळीला पूल पलीकडच्या काठाला लागला, पण पत्र नव्हतं. आता काय करायचं? थांबले असते तर मला वाटलं असतं, संपलं. मी काठ पुसला आणि नदी रुंद केली. पूल कोपऱ्यातून वळून दुसऱ्या भिंतीवर गेला. शंभर झाल्या. तिसरी भिंत. वस्तीतल्या बायका येऊन बसायच्या, कारण प्रत्येकीचं कुणी ना कुणी तिकडे होतं. एकशेत्रेचाळिसावी फळी मी स्वयंपाकघराच्या दारामागे काढत होते, हात खांद्यापर्यंत भरून आला होता, तेव्हा फाटकाची कडी वाजली.

हे आत आले. गालफडं बसलेली, डाव्या हाताला पट्टी. घरभर फिरलेला पूल त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला, भिंतीला एक बोट लावून चालत चालत. शेवटच्या फळीशी आले आणि म्हणाले, "मधे खांब नाहीत. एवढा लांब पूल उभा कसा राहिला?"

"राहिला," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना.

तोही पूल पाच महिन्यांनी चुन्याखाली गेला. तीन भिंती. यांना दीड दिवस लागला.

मधे एकदाच एक चमत्कार झाला. आम्ही सोळाव्या घरात असताना मी दाताच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी एक तरुण बाई, तीही फौजेतल्याची बायको, नुकतीच बदलून आलेली. बोलता बोलता म्हणाली, "आम्ही आधी डोंगरावर होतो, लाल पत्र्याच्या क्वार्टरात, तीन नंबरला. तिथे समोरच्या दारामागे कुणीतरी एवढीशी गोगलगाय काढलेली होती. माझा धाकटा रोज तिच्यापुढे पाव ठेवायचा." माझा दात ठणकायचा थांबला. डोंगरावरचं तीन नंबर म्हणजे आमचं सहावं घर. घरी आल्या आल्या मी यांना म्हटलं, "बघा, एका जागचा तुमचा चुना उडाला. एवढे टापटिपीचे, आणि पोपडा धरला!"

"उडाला असेल," ते म्हणाले आणि बूट पुसत राहिले.

एक गोगलगाय चुकून जगली, यावर मी कितीतरी वर्षं काढली.

मग हे निवृत्त झाले आणि हे विसावं घर आमचं स्वतःचं झालं. इथे कुणी तपासनीस येणार नव्हता. भिंगरीनं मोठ्या हौसेनं पक्के रंग आणून दिले, धुतले तरी न जाणारे. ती एव्हाना स्वतः फौजेत गेली होती, हेलिकॉप्टरं दुरुस्त करायला. तिनं ते ठरवलं तेव्हा मी म्हटलं होतं, "एका माणसाची वाट बघून माझे केस पिकले, आता तुझी बघू?" ती म्हणाली, "आई, तू नुसती वाट बघितलीस कुठे? भिंती रंगवल्यास." आईला निरुत्तर कसं करावं हे ती बापाकडून शिकली नाही, माझ्याकडूनच शिकली.

पण स्वतःच्या भिंतीवर मला एक रेघ ओढता येईना. समोर जाऊन उभी राहायचे, कुंचला ओला करायचे आणि परत ठेवायचे. जन्मभर पुसण्यासाठी काढत आले होते, त्यामुळे हात मोकळा चालायचा. चुकलं तरी दोन वर्षांचाच प्रश्न. आता जे काढीन ते राहणार म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं. अशी चार वर्षं भिंत रिकामी राहिली.

मग यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आज काय वार ते. एके दिवशी जेवताना माझ्याकडे बघून अदबीनं म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला चव आहे. आमच्या घरीही अगदी असंच करतात." मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि त्याच संध्याकाळी भिंतीवर पहिली रेघ ओढली. यांच्या डोक्यातून घरं एकेक करून चालली होती. ती मला कुठेतरी ठेवायची होती.

तीन वर्षं लागली. एकोणीस खिडक्या, एकीला लागून एक. शिंप्याचं दुकान, त्याच्या पत्र्यावरचं मांजर, त्याला लागून समुद्र, समुद्राच्या काठाला वाळू, वाळू चढत चढत डोंगर. कारखान्याचा धूर डोंगराच्या धुक्यात मिसळलेला. आणि या सगळ्याच्या मधून एक पूल, एकशेत्रेचाळीस फळ्यांचा. या खेपेला मी त्याला खांबही दिले. खाली, बिजागरीजवळ, गोगलगाय.

शेवटचं वर्ष मी अर्ध्या डोळ्यांनी काम केलं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, पडदा झिजलाय. मधोमध एक करडा ठिपका आहे, मी जिकडे बघते तिकडे तो आधी जाऊन बसतो. कडेचं दिसतं, मधलं नाही. इंजेक्शनं चालू आहेत, पण वर्षभरात बारीक काम बंद होईल हे त्यानं स्पष्टच सांगितलं. म्हणून ही भिंत शेवटची. हिच्यानंतर दुसरी नाही. एक तरी मागे राहावी, एवढंच मला हवं होतं. भिंगरी चौदा महिन्यांनी रजेवर येणार होती, गुरुवारी. फोनवर ओरडून म्हणाली होती, "आई, आता हात लावू नकोस! मला ती पुरी झालेली बघायचीय."

मंगळवारी माझं इंजेक्शन होतं. मी गेले की शेजारचे पोस्टमास्तर यांच्याजवळ येऊन बसत. त्या दिवशी हे गाढ झोपले म्हणून पोस्टमास्तर पेपर आणायला घरी गेले आणि पेपरातच अडकले. त्यांना बोलून काय उपयोग.

मी परत आले ती एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात औषधाचे थेंब, काखेत दवाखान्याची फाइल. फाटकातच वास आला. ओल्या चुन्याचा. गेल्या महिन्यात छताला लावून उरलेला चुना मागे डब्यात होता. मला तिथेच सगळं कळलं, पण पायांनी ते मान्य केलं नाही. ते दारापर्यंत गेले.

दार सताड उघडं होतं, भिंतीला टेकलेलं. बाकी भिंत पांढरी होती. दोन हात झाले असावेत, कारण शिंप्याच्या दुकानाच्या जागी लाल अजून खालून गुलाबी डोकावत होता. तिसरा हात राहिला होता. उंबऱ्याशी जुनी ट्रंक, पट्टा आवळून. आणि दाराला पाठ लावून हे ताठ उभे, जुना फौजी शर्ट घातलेला, भुवयांवर चुन्याचे शिंतोडे.

ओरडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडायचं? त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या काखेतल्या फाइलकडे बघितलं, आणि टाचा जुळवल्या.

"या बाई," ते म्हणाले. "तपासणीला आलात ना? सगळं तयार आहे. गाडी यायचीच आहे."

मी उंबऱ्यावर उभी राहिले. पट्टी बांधलेली बाई, काखेत फाइल. तपासनीसच की मी. आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी, बदलीच्या सकाळची काळजी होती: काही चुकलं तर नाही ना, घरच्यांना उशीर तर होणार नाही ना. तो चेहरा आजवर मी कधी समोरून बघितलाच नव्हता. मी तर त्या वेळी बाहेर असायचे.

"दाखवा," मी म्हटलं.

ते मला घरभर घेऊन गेले. नळ सोडून दाखवले. दिवे लावून विझवले. काचांवर टिचक्या मारल्या. स्वयंपाकघरात म्हणाले, "इथे धुराचा डाग होता, घासून काढलाय." तो डाग सातव्या घरातला, पण घासला असणार, नक्कीच. मी प्रत्येक ठिकाणी मान हलवत होते, आणि आत माझा राग हळूहळू वर चढत होता. तीन वर्षं. शेवटचे डोळे. आणि हा माणूस मला नळ दाखवतोय.

समोरच्या खोलीत परत आलो. ते पुन्हा जाऊन दाराला पाठ लावून उभे राहिले.

"दार लावा," मी म्हटलं. आवाज जरा कडकच निघाला.

ते हलले नाहीत.

"दारामागचं बघायचंय मला."

त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं मी त्यांना बघत आले, लढाईवर जाताना बघितलं, पण घाबरलेलं बघितलं नव्हतं. "बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तपासणीला येणारा माणूस दार उघडून आत येतो. दार लावून मागे कधी कुणी बघत नाही. तुम्हीच पहिल्या."

मी त्यांना हलकेच बाजूला केलं आणि कडी धरून दार ओढलं. बिजागरी कुरकुरली. कोपऱ्यात, अगदी खाली, तळहाताएवढी जागा चुना न लावता सोडलेली होती. कडा किती नीट! एक थेंब आत गेला नव्हता. पट्टी लावून आखाव्यात तशा कडा, आणि मधे माझी गोगलगाय. मी सरळ बघितलं तर करडा ठिपका तिच्यावर येऊन बसला. मान तिरपी केली तेव्हा ती दिसली.

"तेवढं राहू द्या," ते म्हणाले. "माझ्या बायकोचं आहे. सगळं पुसावं लागतं हो, कागद आला की. मी तिला बाहेर पाठवतो, तिच्यासमोर नाही जमत मला. पण एवढंसं ठेवतो. प्रत्येक घरी ठेवलंय. पुलाच्या घरी तर दोन जागा ठेवल्या, शेवटची फळीही ठेवली, स्वयंपाकघराच्या दारामागे."

"तिला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही, नाही. सांगू नका. नियम मोडला म्हणून माझ्यावर कारवाई झाली तर झाली, पण तिच्या जिवाला घोर लागेल. आधीच तिला घोर कमी नाहीत." मग म्हणाले, "त्यात मीपण आहे. आतल्या घरात. दिसत नाही."

एकोणीस घरं. त्यांत कुणाकुणाची मुलं वाढली असतील, दारामागे लपली असतील, त्या गोगलगायींशी बोलली असतील. आणि मी या माणसावर राग धरून बसले होते, त्याचा हात अडखळत नाही म्हणून. तो दर घरी अडखळत होता, तळहाताएवढ्या जागेत, मी मागे बघणार नाही याची खात्री करून. चुना उडाला म्हणे. बूट पुसत बसला होता मेला! मला इतकं रडू आलं की डोळ्यातलं औषध पट्टीखालून गालावर आलं. भिंतीचं दुःख संपलं नाही, खोटं कशाला सांगू. पण ते एकटं राहिलं नाही.

"पास का, बाई?" त्यांनी विचारलं.

मी फाइल उघडली. डोळ्यांच्या तपासणीच्या कागदावर, जिथे जागा असेल असं वाटलं तिथे पेन टेकवलं. काही दिसत नव्हतं. "सही कुठे करू?" मी म्हटलं. त्यांनी चुन्यानं पांढरं झालेलं बोट कागदावर ठेवलं, "इथे." मी त्या बोटाशेजारी सही केली. शंख आधी, दोन वेटोळी. मग खालून सरपटतं अंग, मग दोन शिंगं. ती मला न बघताही येते.

त्यांनी कागद हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग दारामागे वाकून बघितलं, परत कागद बघितला. गाडी यायची होती, पण घाई दिसत नव्हती. बाहेर पोस्टमास्तर फाटक उघडत होते. यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, कितीतरी वेळ.

"अगं," ते म्हणाले, "तू कधी आलीस? आणि डोळ्याला काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "आत्ताच आले."

त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग आपल्या पांढऱ्या हातांकडे. कदाचित त्यांना कळलं, कदाचित नाही. मी भिंतीशी पडलेला कुंचा उचलला आणि बादलीत ठेवला. तिसरा हात द्यायचा नाही, तो लाल राहू दे. आणि गुरुवारी भिंगरी आली की तिला म्हणायचं, आधी आत ये, मग दार लावून घे.